वीतभर पाण्याचा दाब

नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात अनेक घरांत आता सिलिंडरची जागा महानगर गॅसच्या पाइपने घेतली आहे. या पाइपमधून शेगडीपर्यंत येणाऱ्या वायूचा दाब 21 मिलीबार असतो. कंपनी ग्राहकांना देते त्या माहितीत हा आकडा असतो, पण तो वाचून बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. 21 मिलीबार म्हणजे खूप की थोडं? पाइपच्या तोंडावर बोट धरलं तर वायू थांबेल, की बोट उडवून लावेल?

हाच आकडा पाण्याच्या मापात मांडला की उत्तर लगेच मिळतं. 21 मिलीबार म्हणजे 214 मिलीमीटर पाणी, मोठ्या माणसाच्या हाताची साधारण एक वीत. यू आकाराच्या काचेच्या नळीत पाणी भरून तिचं एक तोंड गॅसच्या पाइपला जोडलं आणि दुसरं उघडं ठेवलं, तर दोन बाजूंच्या पातळ्यांत वीतभर फरक पडतो आणि तेवढ्या पाण्याच्या वजनावर वायू अडून राहतो. चार माणसांचा स्वयंपाक करणारा दाब इतकाच आहे. गाडीच्या टायरमध्ये आपण 30 पीएसआय हवा भरतो, ती याच्या सुमारे शंभर पट दाबाची असते.

दाब बदलला नाही. बदललं ते एकक, आणि त्यासरशी समज आली. कमी दाबाच्या एककांचं रूपांतर शिकायचं ते यासाठी.

कोपरखैरण्याला हा विषय जवळचा आहे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला सेक्टर आणि घरं, तर पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्यालगत एमआयडीसीचा औद्योगिक पट्टा. तिथे औषधं, रसायनं, यंत्रांचे सुटे भाग असं बरंच काही तयार होतं. अशा कारखान्यांत एकाच आवारात एका भिंतीवरचा गेज पास्कलमध्ये असतो, ब्लोअरवरचा मिलीमीटर पाण्यात, आयात केलेल्या यंत्रावरचा इंच पाण्यात, रिअ‍ॅक्टरवरचा मिलीमीटर पाऱ्यात आणि व्हॅक्यूम पंपाजवळचा टॉर किंवा मायक्रॉनमध्ये. काम करणाऱ्या माणसाला दिवसभर या एककांतून ये-जा करावी लागते. हे नुसत्या गुणाकाराने भागत नाही. आकड्यामागे कोणतं द्रव उभं आहे, त्याचं शून्य कुठे आहे आणि तो किती बारीक मोजलाय, हे ओळखल्याशिवाय रूपांतर बरोबर येत नाही.

पाण्याची नळी, पाऱ्याची नळी

दाब मोजायची पहिली खात्रीची रीत द्रवाच्या स्तंभाची. इव्हान्जेलिस्ता टॉरिचेली याने 1643-44च्या सुमारास दाखवून दिलं की हवेचा दाब सुमारे 76 सेंटीमीटर पारा तोलून धरतो. ब्लेझ पास्कलने 1648 साली आपल्या मेव्हण्याला पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर चढायला लावलं. माथ्यावर पारा पायथ्यापेक्षा सुमारे 8 सेंटीमीटर खाली उतरला. उंची वाढली की हवेचा दाब घटतो, याचा तो पहिला मोजलेला पुरावा. टॉर आणि पास्कल ही दोन एककं याच दोघांच्या नावांनी ओळखली जातात. पास्कलला एकक म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती मात्र 1971मध्ये.

पारा पाण्याच्या 13.6 पट जड. म्हणून एक मिलीमीटर पारा म्हणजे 13.6 मिलीमीटर पाणी. हवेचा पूर्ण दाब पाण्याने मोजायचा तर 10.3 मीटर उंच, म्हणजे तीन मजली नळी लागेल. पाऱ्याला हातभर नळी पुरते. दाब खूप लहान असला की नेमकं उलटं होतं. शेगडीच्या गॅसचा दाब पाऱ्यात फक्त 15.8 मिलीमीटर भरतो, त्यात एका मिलीमीटरची चूक म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त. पाण्यात तोच दाब 214 मिलीमीटर होतो आणि एका मिलीमीटरची चूक अर्ध्या टक्क्यावर येते. म्हणून मोठ्या दाबाला पारा आणि लहान दाबाला पाणी अशी वाटणी झाली. आणखी लहान दाबासाठी नळी तिरपी ठेवतात. दहास एक अशा चढावर ठेवलेल्या नळीत पाणी एक मिलीमीटर वर चढायला दहा मिलीमीटर सरकतं, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा फरक वाचता येतो.

गॅसची गळती तपासताना पाण्याच्या नळीची खरी किंमत कळते. पाइपमध्ये दाब भरून व्हॉल्व्ह बंद करायचा आणि पातळी खाली येते का ते पाहत बसायचं. दाब एका मिलीबारने घटला की पाण्याच्या पातळ्यांतला फरक 10 मिलीमीटरने कमी होतो, ते कुणालाही दिसतं. शून्य ते एक बार अशा पट्ट्याच्या नेहमीच्या गोल गेजवर हाच बदल हजारात एक भाग असतो. काटा हलल्याचंही कळत नाही, आणि गळती असताना पाइप घट्ट असल्याचा निष्कर्ष निघतो.

यू नळी वाचताना दोन चुका नेहमी होतात. पहिली, एकाच बाजूची पातळी पाहण्याची. 214 मिलीमीटर दाबाला एका बाजूचं पाणी 107 मिलीमीटर उतरतं आणि दुसऱ्या बाजूचं 107 चढतं. शून्यापासून एकच बाजू मोजली तर उत्तर निम्मं येतं. दुसरी चूक द्रवाची. अनेक मॅनोमीटरांत, म्हणजे दाब मोजायच्या अशा नळ्यांत, पाण्याऐवजी लाल तेल भरलेलं असतं, त्याची सापेक्ष घनता 0.826. पट्टीवर आकडे पाण्याच्या मिलीमीटरचे असले तरी रेघा तेलाच्या हिशोबाने लांब-लांब आखलेल्या असतात. तेल संपल्यावर कुणी त्यात रंगीत पाणी ओतलं, तर पट्टी 100 मिलीमीटरच्या दाबाला 83 दाखवते. उपकरण धडधाकट दिसतं आणि प्रत्येक नोंद सतरा टक्क्यांनी कमी येत राहते.

पास्कलचं जंक्शन

नऊ-दहा एककांमधल्या प्रत्येक जोडीचा गुणक पाठ करायला गेलं तर चाळीसच्या वर आकडे होतात. त्याची गरज नाही. प्रत्येक एककाचे पास्कल किती, एवढं ठाऊक असलं की कुठूनही कुठेही जाता येतं. आधी पास्कलमध्ये यायचं, मग तिथून हव्या त्या एककात जायचं.

1 मिलीमीटर पाणी = 9.81 पास्कल
1 मिलीबार = 1 हेक्टोपास्कल = 100 पास्कल
1 इंच पाणी = 249 पास्कल
1 मिलीमीटर पारा = 1 टॉर = 133.3 पास्कल
1 मायक्रॉन पारा = 0.133 पास्कल
1 इंच पारा = 3,386 पास्कल
1 पीएसआय = 6,895 पास्कल
1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर = 98,067 पास्कल
1 प्रमाण वातावरण = 1,01,325 पास्कल

यातली पहिली ओळ रोजच्या कामात सगळ्यांत उपयोगी. 9.81ला 10 धरलं तर चूक दोन टक्क्यांची होते, आणि तोंडी अंदाजाला एवढं पुरतं: एक मिलीमीटर पाणी म्हणजे दहा पास्कल, एक मिलीबार म्हणजे एक सेंटीमीटर पाणी. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणारा दाब भारतीय मानकात 30 ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलेला आहे. एक ग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे बरोबर एक सेंटीमीटर पाणी, कारण एक घन सेंटीमीटर पाण्याचं वजन एक ग्रॅम. म्हणून 30 ग्रॅम म्हणजे 300 मिलीमीटर पाणी, 2,942 पास्कल, म्हणजेच 29.4 मिलीबार. पाइप गॅसचा दाब 21 मिलीबार, सिलिंडरचा जवळपास 30. आता तुलना करता येते.

सिलिंडरवरून पाइपवर येताना शेगडीचे जेट का बदलतात, हेही यावरून समजतं. पाइपमधला नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो. तेवढ्याच घनफळाच्या एलपीजीच्या मानाने तो निम्म्याहूनही कमी उष्णता देतो, शिवाय त्याचा दाबही कमी. तेवढीच आच हवी तर वायू जास्त यायला हवा, म्हणून जेटचं छिद्र मोठं करावं लागतं.

एककाची गल्लत झाली तर किती बिघडतं, तेही याच शेगडीवर मोजता येतं. छिद्रातून येणारा वायू दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. कुणी 21 मिलीबारच्या जागी 21 मिलीमीटर पाणी असा दाब लावला, तर दाब 10.2 पट कमी होतो आणि वायू 3.2 पट कमी येतो. ज्योत तिसऱ्या हिश्शावर येते. मिलीबार आणि मिलीमीटर ही दोन्ही नावं ‘मिली’ने सुरू होतात आणि दोहोंत दहापटीचा फरक आहे. कमी दाबाच्या कामात ही गल्लत सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत महागाची.

पाइप गॅसबद्दल आणखी एक गोष्ट, उंच इमारतींत राहणाऱ्यांसाठी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका आहे. पाइपमधून वर चढताना वायूचा दाब घटतो, पण बाहेरच्या हवेचा दाब त्याहून जास्त घटतो. म्हणून गेजवर मोजलेला दाब वरच्या मजल्यावर वाढलेला दिसतो, दर मीटरला सुमारे 5 पास्कल. दहा मजले, म्हणजे 30 मीटर चढल्यावर 150 पास्कल, दीड मिलीबार, 15 मिलीमीटर पाणी. सेक्टरातल्या बैठ्या घरात हे जाणवणारही नाही, पण टॉवरमध्ये 21 मिलीबारच्या मानाने हा फरक मोठा आहे. घराजवळचा रेग्युलेटर तो पुसून टाकतो.

दीड मिलीमीटरची भिंत

औषधाच्या कारखान्यात स्वच्छ खोली आणि बाहेरची मार्गिका यांच्यामध्ये दार असतं, तरी धूळ आणि जंतू रोखण्याचं काम मुख्यतः दार करत नाही, दाबातला फरक करतो. आतला दाब थोडा जास्त ठेवला की दार उघडताना हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. औषधनिर्मितीच्या नियमांतल्या, 2001 साली सुधारलेल्या शेड्यूल एममध्ये निर्जंतुक औषधांच्या विभागासाठी हा फरक निदान 15 पास्कल असावा असं म्हटलं होतं आणि तिथेच 0.06 इंच आणि 1.5 मिलीमीटर पाणी हे आकडेही दिले होते. एकाच अटीत तीन एककं. ताडून पाहू: 15 भागिले 249 म्हणजे 0.060 इंच, 15 भागिले 9.81 म्हणजे 1.53 मिलीमीटर. तिन्ही आकडे जुळतात.

दीड मिलीमीटर पाणी म्हणजे किती, याची कल्पना दारावर येते. दोन चौरस मीटरच्या दारावर 15 पास्कल म्हणजे 30 न्यूटन, साधारण तीन किलो वजनाएवढा जोर. दार ढकलताना हाताला तो कळतो. इतक्या लहान दाबाला कारखान्यात मॅग्नेहेलिक नावाचा गोल गेज लावतात. त्यात द्रव नसतं, पातळ पडदा आणि चुंबकाने फिरणारा काटा असतो. शून्य ते 60 पास्कल आणि शून्य ते 6 मिलीमीटर पाणी या पट्ट्यांचे दोन गेज शेजारी लावले तर काटे जवळपास एकाच जागी थांबतात आणि आकडे मात्र दहापटीने वेगळे दिसतात. शिफ्ट बदलताना एकाने वहीत ‘15’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘1.5’, तर दोघांनी एकच दाब वाचलेला असू शकतो, किंवा दाब खरोखरच दहापट पडलेला असू शकतो. पुढे एकक लिहिलेलं नसेल तर वही तपासणाऱ्याला ते ठरवता येत नाही.

याच्या उलट गरज संसर्गाच्या रुग्णांच्या खोलीत असते. तिथे आतला दाब कमी ठेवतात, म्हणजे आतली हवा बाहेर जात नाही. त्यासाठी जगभर वापरला जाणारा किमान आकडा 2.5 पास्कल, म्हणजे 0.01 इंच किंवा पाव मिलीमीटर पाणी. इथे साधी यू नळी निरुपयोगी ठरते, कारण पाव मिलीमीटर तर नळीतल्या पाण्याच्या वक्र कडेतच हरवून जातो.

शून्य कुठलं?

हवेच्या दाबाचे आकडे सोडले तर आतापर्यंत मोजलेले दाब गेज दाब होते, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त किंवा कमी. दुसरा हिशोब निरपेक्ष दाबाचा, तो पूर्ण पोकळीपासून सुरू होतो. व्हॅक्यूमच्या कामात या दोहोंचा घोळ सर्वांत जास्त होतो.

रसायनाच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरवर पाऱ्याच्या मिलीमीटरचा व्हॅक्यूम गेज असतो. काम करणारे म्हणतात, ‘व्हॅक्यूम 700 आलाय.’ याचा अर्थ आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा 700 मिलीमीटर पाऱ्याने कमी आहे. आत उरलेला दाब किती, हे बाहेरची हवा किती यावर ठरतं. कोपरखैरणे खाडीकाठी, समुद्रसपाटीलगत. इथे हवेचा दाब सुमारे 755 मिलीमीटर पारा. म्हणजे आत 755 वजा 700, अर्थात 55 मिलीमीटर उरलेत. या दाबाला पाणी सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळतं.

हीच प्रक्रिया, हाच पंप, हाच गेज पुण्याला नेऊ. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच, तिथे हवेचा दाब सुमारे 710 मिलीमीटर पारा. गेजवर 700 दिसलं तर आत फक्त 10 मिलीमीटर उरले, आणि पाणी 11 अंशांना उकळू लागेल. काट्याची जागा तीच, पण आतली परिस्थिती पार वेगळी. आणखी एक परिणाम असा की पुण्यात गेजवर 720 कधीच येणार नाही, कारण काढून टाकायला तेवढी हवाच नाही. कोकणपट्टीतला 720 दाखवणारा पंप घाटावर गेला आणि 705च्या पुढे जाईना, तर पंप दुरुस्तीला पाठवायच्या आधी ही वजाबाकी करून पाहावी.

म्हणून व्हॅक्यूमच्या आकड्याचं रूपांतर करताना आधी विचारायचं: हा गेज दाब की निरपेक्ष? गेज असेल तर तिथला त्या दिवशीचा हवेचा दाब घेऊन निरपेक्ष दाब काढायचा आणि मगच एकक बदलायचं. ‘700 मिलीमीटर व्हॅक्यूम’ला सरळ 1.333ने गुणून 933 मिलीबार लिहिलं आणि पुढच्या माणसाने ते निरपेक्ष समजलं, तर जवळजवळ पोकळ असलेलं भांडं कागदावर जवळजवळ भरलेलं ठरतं. निरपेक्ष आकडा आहे 73 मिलीबार.

पोकळीत खोल

एसी आणि शीतगृहांची कामं करणाऱ्यांना याहून खोल जावं लागतं. नवीन तांब्याच्या पाइपांत गॅस भरण्याआधी आतली हवा आणि दमटपणा काढून टाकायचा असतो. नवी मुंबईच्या पावसाळ्यात हा दमटपणा भरपूर. 30 अंशांना पाणी 42 मिलीबारला, म्हणजे 32 टॉरला उकळतं. दाब त्याखाली नेला की पाइपातल्या पाण्याची वाफ होऊन ती पंपाने ओढली जाते. पण तेवढ्यावर थांबून चालत नाही. चांगलं काम करणारे दाब 500 मायक्रॉनपर्यंत नेतात. मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, अर्थात पाऱ्याचा. 500 मायक्रॉन म्हणजे अर्धा टॉर, 67 पास्कल, 0.67 मिलीबार.

नेहमीच्या इंच पाऱ्याच्या कंपाउंड गेजवर हे का जमत नाही, ते रूपांतर करून पाहावं. पूर्ण पोकळी असेल तर तो 29.92 इंच दाखवील. 500 मायक्रॉनला 29.90. आणि 5,000 मायक्रॉनला, म्हणजे दहापट वाईट अवस्थेत, 29.72. या तिन्ही वेळा काटा ‘30’च्या रेघेवरच टेकल्यासारखा दिसतो. मेकॅनिक प्रामाणिकपणे ‘पूर्ण व्हॅक्यूम’ म्हणतो आणि पाइपात ओल राहते, पुढे ती कॉम्प्रेसरचं तेल आम्लधर्मी करते. तिथे मायक्रॉन गेज लावण्यावाचून पर्याय नाही. एकक बदलणं म्हणजे इथे उपकरण बदलणं.

छाती आणि रक्त

रुग्णालयात दोन द्रवं शेजारी नांदतात. रक्तदाब पाऱ्यात मोजतात. 1896मध्ये इटलीच्या शिपियोने रिव्हा-रोच्ची याने दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याला पाऱ्याची नळी जोडली, तेव्हापासूनची ही रीत. 120 मिलीमीटर पारा म्हणजे 16 किलोपास्कल, म्हणजेच 1.63 मीटर पाणी, जवळजवळ माणसाच्या उंचीएवढा स्तंभ. पाणी वापरलं असतं तर दवाखान्यात नळी ठेवायला जागा पुरली नसती.

श्वासाचा दाब मात्र पाण्यात मोजतात, कारण तो फार लहान असतो. व्हेंटिलेटर फुफ्फुसं मिटू नयेत म्हणून श्वासाच्या शेवटी 5 सेंटीमीटर पाणी असा दाब राखतो: 490 पास्कल, 4.9 मिलीबार, 3.7 मिलीमीटर पारा. काही यंत्रं तो मिलीबारमध्ये दाखवतात, काही सेंटीमीटर पाण्यात. फरक दोनच टक्क्यांचा, म्हणून इथे गोंधळाने नुकसान होत नाही.

हृदयाकडे परतणाऱ्या शिरांमधल्या दाबाचं तसं नाही. तो काही ठिकाणी पाण्याच्या सेंटीमीटरने आणि काही ठिकाणी पाऱ्याच्या मिलीमीटरने मोजतात आणि एक मिलीमीटर पारा म्हणजे 1.36 सेंटीमीटर पाणी. पाण्याच्या नळीवर 12 आलं तर ते पाऱ्यात 9 भरतं. पाऱ्यात 12 आलं तर पाण्यात 16. एकक न सांगता फोनवर ‘बारा’ कळवलं तर सलाईन किती द्यायचं याचा निर्णय बदलू शकतो. भारताने 2018मध्ये पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार स्वीकारल्यावर पाऱ्याची उपकरणं कमी होत चालली आहेत, पण पडद्यावरचा आकडा आजही पाऱ्याच्या मिलीमीटरमध्येच असतो. नळी गेली तरी एकक राहिलं, आणि त्याचा अर्थ ठाऊक असण्याची गरजही राहिली.

आकाशातला कमी दाब

पावसाळ्यात बातम्यांत येणारा कमी दाबाचा पट्टा हेक्टोपास्कलमध्ये मोजतात. हेक्टोपास्कल आणि मिलीबार एकाच मापाचे, म्हणून जुन्या नोंदी नव्यांशी थेट जुळतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब सुमारे 984 हेक्टोपास्कल होता, आसपासच्या नेहमीच्या दाबापेक्षा वीसेक हेक्टोपास्कलने कमी. शेगडीच्या गॅसचा दाब आणि वादळाच्या पोटातली तूट, दोन्ही 20 मिलीबारच्या घरातल्या. फरक व्याप्तीचा: तिथे ही तूट शेकडो किलोमीटर पसरलेली असते, आणि ती भरून काढायला धावणारा वारा म्हणजेच वादळ.

एक मिलीबार म्हणजे एक सेंटीमीटर पाणी हा नियम इथे समुद्र स्वतः पाळून दाखवतो. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर वर येते. 20 हेक्टोपास्कलच्या तुटीने पाणी 20 सेंटीमीटर चढतं. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेल्या पाण्याची भर त्यावर वेगळी, आणि वादळात चढणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तोच असतो.

किती बारीक मोजायचं

मिलीमीटर पाणी हे एकक पाण्याच्या घनतेवर उभं आहे आणि घनता तापमानाने बदलते. 4 अंशांच्या पाण्याला हजार धरलं तर 35 अंशांचं पाणी 994 भरतं. कोपरखैरण्यातल्या उन्हाळ्यात यू नळीतला 214 मिलीमीटरचा स्तंभ खरं तर 213चाच दाब सांगतो. शेगडीसाठी हा फरक नगण्य. पण 0.1 टक्क्याच्या अचूकतेचा डिजिटल गेज तपासताना तो सहापट मोठा ठरतो. अमेरिकी उपकरणांच्या मेन्यूत इंच पाण्याचे तीन पर्याय म्हणूनच दिसतात: 4 अंश सेल्सिअस, 60 अंश फॅरनहाइट आणि 68 अंश फॅरनहाइट. त्यांची मूल्यं अनुक्रमे 249.08, 248.84 आणि 248.64 पास्कल. गुरुत्वाचंही तसंच. मुंबई परिसरात ते प्रमाण मूल्यापेक्षा सुमारे 0.2 टक्क्याने कमी. पास्कलला यातलं काहीच लागू नाही, कारण तो कोणत्याही द्रवावर किंवा जागेवर अवलंबून नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या दाबाच्या मानकांशी देशातल्या उपकरणांची साखळी जुळते ती पास्कलमध्ये.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. गेजवर 15 मिलीमीटर पाणी वाचलं आणि कॅल्क्युलेटरने 147.09975 पास्कल दाखवलं, तर ते सगळे अंक वहीत उतरवण्यात अर्थ नाही. वाचन एका मिलीमीटरपर्यंतच खरं आहे, म्हणून 150 पास्कल लिहावं. रूपांतराने अचूकता वाढत नाही. वाढलेले अंक मात्र वाचणाऱ्याला तसा विश्वास देतात, आणि तो विश्वास खोटा असतो.

तेव्हा कमी दाबाचा कोणताही आकडा लिहिताना तीन गोष्टी सोबत लिहाव्यात: एकक, गेज की निरपेक्ष, आणि जिथे बारीक काम आहे तिथे द्रवाचं तापमान. ‘व्हॅक्यूम 700’ ऐवजी ‘55 मिलीमीटर पारा, निरपेक्ष’. दाबातल्या फरकासाठी नुसतं ‘डीपी 15’ न लिहिता ‘डीपी 15 पास्कल’. हे लिहायला दोन-तीन शब्द जास्त लागतात. पण मग रात्रपाळीला आलेला ऑपरेटर, वॉर्डातली परिचारिका किंवा घाटावरच्या कारखान्यातला मेकॅनिक तो आकडा कुणालाही न विचारता वापरू शकतो. मोठ्या दाबात चूक झाली तर पाइप फुटतो आणि सगळ्यांना कळतं. कमी दाबातली चूक आवाज करत नाही. ती पकडायला कागदावरचं एककच उपयोगी पडतं.